ऊन गावाचं नाही

५ एप्रिल, सकाळ
संकल्प केला. पुण्यातल्या दोन्ही नातवंडांना, शौर्य (पहिली) आणि संस्कृती (नववी), यात्रेआधी ग्रीनहाउस इफेक्ट समजावणार. गेल्या वर्षी मुलगा गोरख सगळ्यांना घेऊन यात्रेला आला आणि दुसऱ्याच दिवशी परत गेला. सूनबाई म्हणाली, निमगावात फार उकडतं, मुलांना सोसत नाही. आता ऊन काही निमगाव सावा ग्रामपंचायत पाडत नाही. सगळ्या जगातच वाढलंय. हे मुलांना शास्त्रीय पद्धतीने कळलं, की गावावरचा राग जाईल. यंदा आठवडाभर राहतील. जन्मभर हायस्कूलला विज्ञान शिकवलं, घरची दोन पोरं काय अवघड?

संध्याकाळ
व्हिडिओ कॉल. शौर्यला गोधडीचं उदाहरण दिलं. पृथ्वीने एकावर एक गोधड्या पांघरल्या, आतली ऊब बाहेर जाईना. अप्रतिम जमलं. तो म्हणाला, मग ती काढून का टाकत नाही? रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.

८ एप्रिल
गोरखचा फोन. शौर्य अंगावर पांघरूण घेईना. पृथ्वी गुदमरली म्हणून रडतो. सूनबाई नाराज. म्हणजे मुद्दा पोचला. जरा जास्त पोचला, इतकंच.

११ एप्रिल
सराव हवा. आळीतली पोरं भर दुपारी शेजारच्या दादाभाऊच्या पॉलिहाउसमध्ये नेली. ऊन प्लास्टिकमधून आत येतं, उष्णता आतच अडकते, याचा प्रत्यक्ष अनुभव. पोरांनी अनुभव घेतला, ढोबळी मिरच्याही घेतल्या. भिकाची धाकटी घेरी येऊन खाली बसली. दादाभाऊ म्हणाला, मास्तर, तुमचं शास्त्र लई भारी, पण माझी रोपं तुडवली राव. संध्याकाळी त्याने दाराला कुलूप लावलं. वाऱ्यासाठी लावलं असेल.

१९ एप्रिल
आज संस्कृती. इथे गोधडी नाही, पूर्ण शास्त्र. सूर्यप्रकाश, जमिनीतून परत निघणारी उष्णता, तिला अडवणारा कार्बन डायऑक्साइड. पोरीने एकदाही जांभई दिली नाही. म्हणाली, आजोबा, शाळेत असं कुणी समजावत नाही. मग विचारलं, आपण काय करायचं? मी म्हणालो, सरकारची वाट बघू नये, आपल्या घरापासून सुरुवात करावी. उगाच गाडी काढू नये. कॉल संपल्यावर अंगणात फेऱ्या मारल्या. डोळ्यांत कचरा गेला होता.

२४ एप्रिल
कूलर आणला. तत्त्वात बसत नाही, पण पाहुण्यांपुरतं चालतं. आमच्या हिने, साळुबाईने, कुरडया घातल्या, नव्या चादरी काढल्या. आळीत ज्याच्या त्याच्या तोंडी पाहुणेच. कुणी विचारलं की सांगतो, आमचे आठवडाभर आहेत. मी काही वाट बघत वगैरे नाही.

२९ एप्रिल
संस्कृतीचा फोन. खूप खुशीत होती. म्हणाली, गाडीने गावाला जाऊन यायचं म्हणजे किती कार्बन, हे तिने घरात सगळ्यांना समजावलं. मम्मीला तर लगेच पटलं. यंदा यात्रा व्हिडिओ कॉलवर बघणार. आजोबा, तुमच्यामुळेच सुचलं.
मी म्हणालो, शाब्बास. एसटी असते, हे फोन ठेवल्यावर आठवलं. परत लावला. सूनबाईने उचलला. म्हणाली, एसटीत मुलांना उलट्या होतात. होतात, हे खरं आहे.
साळुबाईला उद्या सांगेन.

१ मे, यात्रा
काल सांगणं झालं नाही. कदाचित विचार बदलतील, असं वाटत होतं. शर्यतीच्या घाटात बैलगाडे सुटलेत, स्पीकरचा आवाज घरापर्यंत येतोय. दादाभाऊच्या दारात पाहुण्यांच्या गाड्या मावेनात. मी घाटात गेलो नाही. उकडत होतं.
साळुबाईने सगळ्यांच्या अंदाजाने पुरण घातलं. पातेलं उतरवल्यावर सांगितलं. कारणासकट, सोप्या भाषेत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अवं, माझी नातवंडं आल्यानं जगाचं ऊन असं कितीसं वाढणार व्हतं?
मी पुरणाचं पातेलं झाकलं.
एवढं पुरण आपल्या दोघांना सरायचं न्हाई, आळीत वाटून येते, म्हणाली. दारापर्यंत गेली आणि माघारी वळली. कुणी इचारलं, पोरं का न्हाई आली, तर काय सांगू, तेवढं तरी मला नीट समजावा.
समजावता आलं नाही. दोघंही रडलो.