‘बंदूक हसली’ या ओळीवरचा चिंचोका

बाई, तुमची डबी मी काल एका मुलीला देऊन टाकली. तुम्हाला विचारण्याची सोय राहिलेली नाही, आणि दुसऱ्याची वस्तू न सांगता देण्याची मला सवय नाही, म्हणून हे लिहिणं भाग आहे. ‘कारण सांग, मग बघू’ असं तुम्ही नेहमी म्हणायचात. तर कारण सांगते.

डबी म्हणजे ती पितळी, झाकणाला पोचा पडलेली, चिंचोक्यांची. मला शिकवण्याची नोकरी लागली तेव्हा निगडीच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही ती माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, ‘हरवू नकोस. आणि हरवलीसच तर रडत येऊ नकोस, चिंचा कुठंही मिळतात.’ त्या स्वयंपाकघरात मी कॉलेजची वर्षं काढली. काळेवाडीच्या आमच्या घरात वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले असायचे, पान उलटल्याचा आवाजही चालत नसे, म्हणून मी बस बदलत तुमच्याकडे यायची. पहिल्याच दिवशी तुम्ही मला आत बोलावून परातीसमोर बसवलंत, बाहेरच्या खोलीत नव्हे. संध्याकाळी आईनं मला पुन्हा पुन्हा विचारलं, ‘आत म्हणजे स्वयंपाकघरातच ना?’ मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या पिशवीत तुमच्यासाठी ज्वारीचं पीठ बांधून दिलं.

त्याच परातीसमोर मला तुमची पहिली बोलणी बसली. कॉलेजच्या भित्तिपत्रकात माझी कविता लागली होती, सरहद्दीवर पडलेल्या जवानाची. ‘छातीवर फुलले रक्तिम फूल.’ मला वाटलं होतं तुम्ही ती ओळ वर्गात फळ्यावर लिहाल. तुम्ही चिंचा फोडत होता. कागद पुढे ओढलात, बोटातला चिंचोका ‘फूल’ या शब्दावर ठेवलात आणि म्हणालात, ‘आता वाच.’ मी वाचलं. ‘छातीवर फुलले रक्तिम...’ आणि थांबले. ‘झाकलं तर खाली काय आहे?’ मी म्हटलं, ‘जखम.’ ‘मग तू ती जखम पाहिलीस का, की नुसतंच फूल पाहिलंस?’ मी म्हटलं, ‘पण ते रूपक आहे.’ ‘रूपक आहे हे मलाही दिसतंय. तू अलंकारांची ओळख परेड घेऊ नकोस. तो तिथं बसून काय काम करतो ते सांग. काही अलंकार दाखवतात, काही झाकतात. तुझा झाकतोय.’ मग पुन्हा चिंचा फोडायला लागलात. जाताना मला गूळ घातलेलं चिंचेचं सार पाजलंत.

तेव्हापासून मी चिंचोक्यानंच शिकवत आले. माझ्या वर्गात उपमा, उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती अशी नुसती नावं लिहिणाऱ्याला निम्मे गुण मिळतात. चिंचोका ठेवून काय उरलं ते सांगणाऱ्याला बाकीचे. मुलं मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. चालतं.

यंदा बारावीच्या वार्षिकांकासाठी ज्या कविता आल्या त्यांत घोडे फार होते. तुमच्या वेळी घोडा म्हणजे घोडाच असायचा. आता आमच्याकडची पोरं पिस्तुलाला घोडा म्हणतात. जमिनी कंपन्यांना गेल्या, पैसा आला, बैलगाडा शर्यतीच्या घाटापर्यंत पक्के रस्ते झाले, आणि काही घरांत कपाटात परवान्याचं पिस्तूल आलं. ते लग्नाच्या हळदीला बाहेर निघतं, हवेत गोळ्या झाडायला. त्याला बार काढणं म्हणतात. चौकातल्या फ्लेक्सवरही त्याचीच यमकं. मुलं हेच बघतात आणि हेच लिहितात, काही मिरवत, काही कुठल्यातरी गोळीबाराची बातमी वाचून रडत. आमच्या प्राचार्यांचं म्हणणं, असल्या कविता टोपलीत टाका. मी म्हटलं, टोपलीत कशाला, फळ्यावर घेऊ. तोंडी परीक्षेचा विषयच तो ठेवला. गोळीवरच्या कविता निवडा, त्यांतले अलंकार शोधा, आणि प्रत्येक अलंकार काय काम करतो ते सांगा.

निघोज्याची एक मुलगी माझ्या वर्गात आहे. अक्षर सुरेख, बोलणं कमी. तिनं विषय ऐकला आणि तास संपल्यावर टेबलाशी येऊन उभी राहिली. ‘मॅडम, चिंचोका कविता सोडून दुसरीकडं चालतो का?’ मी विचारलं, ‘दुसरीकडं म्हणजे?’ तेव्हा तिनं सांगितलं. गेल्या वर्षी घरच्या हळदीत तिच्या वडिलांनी बार काढले. तिचा मोठा भाऊ नाचत होता, हात वर करून. गोळी त्या हातातून गेली. घरच्यांनी गावाला आणि त्याच्या कंपनीला सुतळी बॉम्ब हातात फुटला असं सांगितलं. दवाखान्यात काय सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. भाऊ चाकणला कंपनीत कायम व्हायच्या बेतात होता, उजव्या हाताची पकड गेली आणि तेही गेलं. आता चुलत्याच्या घरी लग्न निघालं होतं. चुलते आत्तापासून म्हणत होते, ‘औंदा घोडा दणकून बोलणार.’ मुलगी मला म्हणाली, ‘मला तो बोलू द्यायचा नाही. पण घरी अप्पांपुढं, म्हणजे वडिलांपुढं, तोंड उघडत नाही माझं. वर्गात उघडेल.’

मी तिला शाबासकी दिली नाही. अशा वेळी शाबासकी दिली की माणूस तिथंच बसून राहतो. मी म्हटलं, ‘कविता निवडून आण. तयारी कच्ची असेल तर बोलू देणार नाही.’

परीक्षेच्या दिवशी तिचे वडील स्टाफरूमच्या दारात. पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या, बोलताना नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. ‘मॅडम, पोरीला ते गोळीबिळीचं बोलाया लावू नका. घरात लगीन हाय.’

‘विषय तिनं निवडलाय.’

‘बारकी हाय ती. तिला काय कळतंय.’

‘कळतंय की नाही तेच तपासायला परीक्षा असते.’

‘मंग मी तिला आजपास्नं घरीच नेतो. न्हाई शिकायचं आमाला.’

बाई, इथं मला तुमची फार आठवण झाली, कारण तुम्ही अशा वेळी आवाज चढवत नव्हता, घड्याळ बघायचात. मी घड्याळ बघितलं. ‘तिचा नंबर आता आहे. परीक्षा झाली की न्या. तोवर उन्हात उभे राहू नका, मागच्या बाकावर जागा आहे.’ ते आले. का आले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित घड्याळाला माणूस भितो. मागच्या बाकात त्यांचे गुडघे मावत नव्हते, ते तिरके बसले.

मुलगी उभी राहिली आहे. वडिलांना बघते, पांढरी पडते, आणि मग फळ्याकडे वळून लिहायला लागते. आधी चौकातल्या फ्लेक्सची ओळ. ‘दादाची एंट्री, हवेत बार, गावाला कळू दे कोण सरदार.’ यमक दाखवते, अतिशयोक्ती दाखवते. मग फळ्यावरच्या ‘हवेत’वर डस्टर धरते. माझ्या वर्गात फळ्यावर चिंचोका राहत नाही म्हणून डस्टर चालतो. ‘हा शब्द सगळ्यात निरागस दिसतो,’ ती म्हणते. ‘पण याचं काम सगळ्यात मोठं आहे. हवेत म्हटलं की खाली माणसं आहेत हे विसरता येतं.’ वर्गात कोणीतरी बाक सरकवला, मी नुसतं बघितलं, आवाज थांबला.

मग वर्गातल्याच एका मुलाची कविता. तोही तिच्याच गावचा. ‘हळदीच्या रात्री बंदूक हसली, वीज जणू ती अंगणात घुसली.’ मुलगी म्हणते, ‘दुसऱ्या ओळीत उत्प्रेक्षा आहे. ऐकायला छान. पण वीज आभाळातून पडते, तिला कोणी पाडत नाही. म्हणून इथं वीज आणली की कोणाला काही विचारावं लागत नाही.’ ती कविता लिहिणारा मुलगा मान खाली घालून बसला होता, पण मी पाहिलं, तो होकारार्थी मान हलवत होता. ‘पहिल्या ओळीत चेतनगुणोक्ती. निर्जीव बंदुकीला हसवलंय. मी घरी हा शब्द झाकून बघितला.’ तिनं डस्टर ‘बंदूक’वर ठेवला. ‘बंदूक हसत नसते. घोडा बोलत नसतो. मग त्या रात्री हसलं कोण?’

तिचा प्रश्न परीक्षेतला होता, उत्तरही तीच देणार होती. पण ती अडकली. डस्टर त्या शब्दावर तसाच दाबून धरून राहिली. वर्गातली निम्मी मुलं त्या हळदीला जेवून आलेली, त्यांना सुतळी बॉम्बच्या आडचं सगळं ठाऊक. मी पुढचं वाक्य सुचवू शकत होते. सुचवलं नाही. तुम्ही मला कधी सुचवलं नव्हतंत.

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मी.’

सगळा वर्ग वळला. ते उभे राहायला बघत होते आणि बाक त्यांना उठू देत नव्हता. ‘मी हसलो व्हतो. पयल्या बाराला बी हसलो, दुसऱ्याला बी. तिसरा पोराला लागला.’ मग मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मॅडम, ते डस्टर काढाया सांगा आता. तिचा हात दुखंल.’

मुलीनं डस्टर काढला नाही. तिनं वाक्य पूर्ण केलं. ‘म्हणजे या कवितेत चेतनगुणोक्ती शोभेसाठी नाही, माणूस लपवण्यासाठी आहे. माणूस सापडला की हा अलंकार काढून टाकता येतो.’ आणि मग पुसलं. बाई, इतकं नेटकं उत्तर मी नोकरीत ऐकलेलं नाही, आणि दिलेलंही नाही. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. तुम्ही एक कापला असतात, फळ्यावर ओळ खाली उतरत जाते म्हणून. मी कापला नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर होती. तिला घरी नेण्याबद्दल कोणी पुन्हा बोललं नाही.

लग्नाची पत्रिका द्यायला तिचे वडील स्वतः आले. ‘हळदीला या. नुसतं लग्नाला नगं.’ मी असल्या ठिकाणी जात नाही. गेले.

निघोज्याला मोठा मांडव, स्पीकर छातीएवढे उंच. बायकांनी मला खुर्ची दिली, हळद लावू का विचारायला त्या घाबरत होत्या, मग मीच गाल पुढे केला. नवरदेवाचे वडील, म्हणजे मुलीचे चुलते, माझ्या समोरच आपल्या मोठ्या भावाला, म्हणजे तिच्या वडिलांना, शोधत आले. ‘अण्णा, घोडा कुठाय? पोरगं एंट्रीला उभं हाय.’

‘चौकीत बांधून आलोय.’

‘चेष्टा नगं.’

‘चेष्टा न्हाई. मागल्या मंगळवारी दिला. परवाना बी दिला, आन पोराचा हात फटाक्यानं गेला न्हाई ते बी सांगितलं. आता त्याची दाणावैरण तेच बघतील. माझं काय करायचं ते बी तेच ठरवतील.’

चुलत्यांचा चेहरा उतरला, मग ते चिडले. ‘पोरीनं शिकवलं व्हय ह्ये?’

‘व्हय. मागच्या बाकावर बसून शिकलो. गुडघं अजून दुखत्यात.’

तेवढ्यात एंट्रीचं गाणं लागलं. इथं एक रीत आहे, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. गाणं ऐन भरात आलं की डीजेवाला आवाज एकदम बंद करतो, बारासाठी जागा सोडतो, आणि बार झाला की पुन्हा चालू करतो. यंदा बार नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं सवयीनं आवाज बंद केला. सगळा मांडव थांबला. मान वर करून माणसं वाट बघत राहिली, आणि त्या जागेत काहीच आलं नाही. मला तुमच्या परातीसमोरची ती ओळ आठवली, शब्दावर चिंचोका ठेवल्यावर रिकामी पडलेली. मी मनात म्हटलं, आता बघू, बाकीची ओळ उभी राहते का.

मांडवाच्या खांबाशी मुलीचा भाऊ उभा होता. त्यानं उजवा हात खिशात ठेवला, डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की स्पीकरवाल्यानं दचकून गाणं चालू केलं. पोरं उसळली. पोरांच्या घोळक्यात हात वर गेले, सगळे, निर्धास्त. नवरदेव हळदीनं माखलेला नाचत आला आणि त्यानं सगळ्यांत आधी त्या भावालाच उचललं. चुलते थोडा वेळ घुश्शात उभे राहिले, मग त्यांनीही टोपी सावरून ठेका धरला. ओळ उभी राहिली, बाई. तो बाराचा शब्द तिथं काही काम न करता नुसताच बसला होता.

मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘मॅडम, चाललं की दुसरीकडं.’ मी म्हटलं, ‘गाण्याचा आवाज फार आहे,’ आणि पर्समधून डबी काढून तिच्या हातात ठेवली. ती म्हणाली, ‘हरवली तर?’ मी तुमचंच वाक्य तिला दिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून देवाणघेवाण तेवढी नीट लिहून ठेवते. पोलीस चौकीत जमा : पिस्तूल, परवान्यासह, मुलीच्या वडिलांकडून, त्यांच्या हातानं. मुलीला दिली : पितळी डबी, झाकणाला पोचा, आतल्या चिंचोक्यांसह. सगळे नाहीत. तुम्ही ‘फूल’वर ठेवलेला तो एक, कडेला टवका गेलेला, मी आधीच काढून घेतला होता. तो माझ्याकडे आहे.