एसटी लागणाऱ्याची नेमणूक

बाई,

आज आपल्या केंद्रात मुलाखती झाल्या. जागा तीच, जिच्यावर तुम्ही मला घेतलं होतं: वनस्पती संवर्धनाच्या कामासाठी शहरातल्या झाडाझुडपांचा तरुण अभ्यासक पाहिजे. तुमच्या खुर्चीत मी होतो. शेजारी अण्णा. ते आता काठी टेकत जिना चढतात, पण मुलाखतीला यायचंच म्हणून आले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुमचं टेबल माझ्यासमोर होतं आणि तुमचा आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही तुमच्याकडून पत्राची गरज पडली नसती.

माझ्या मुलाखतीचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. शाहूपुरीत खाली अण्णांचं गुळाचं दुकान, वर त्यांनीच दिलेल्या दोन खोल्यांत केंद्र. जिन्यात गुळाचा वास आणि त्या वासाच्या मागोमाग मुंग्यांची रांग, थेट तुमच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटापर्यंत. मी गारगोटीहून सकाळच्या गाडीनं आलोय, अंगात मामाचा शर्ट, हातात फाईल. ही जागा मिळाली नाही तर वडिलांनी तिकडच्या एका शाळेत कारकुनी बघून ठेवलेली. ‘पोरगं शिकलं आणि गटारीत बघाय लागलं,’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. बाकावर माझ्याआधी चौघे. त्यातला एक जाडसर गृहस्थ मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसलाय. जाहिरातीत ‘वनस्पती’ वाचून तो आलेला. तेलाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढलेला माणूस, आणि डब्यात नमुना म्हणून वनस्पती तूप. आत काय झालं ते आम्हाला बाहेर सगळं ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, “पावणं, आमची वनस्पती मातीत उगवती, तुमची डब्यात.” तो शांतपणे म्हणाला, “चालंल की. शिकून घीन.” जाताना डबा तिथंच ठेवून गेला. त्या दुपारी आम्हा सगळ्यांना जो शिरा मिळाला, त्याबद्दल मला अजून संशय आहे.

माझी पाळी आली. मी फाईल उघडली. स्टँडपासून रंकाळ्यापर्यंत भिंतींवर, गटारींच्या कडेला, पत्र्यांच्या पन्हळीत काय काय उगवतं याच्या नोंदी होत्या. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “एवढा सह्याद्री उशाला असताना तू गटारीजवळ काय करत होतास बाबा?” त्या प्रश्नाचं उत्तर माझं पाठ होतं. शहर हीसुद्धा एक जिवंत परिसंस्था आहे, माणूस आणि वनस्पती यांचं नातं, वगैरे. मी ते न अडखळता म्हटलं. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात.

“हे पाठ केलंयस. खरं सांग. घाटात का न्हाय गेलास?”

मी खाली बघितलं. मुंग्या चालल्या होत्या.

“बाई, मला एसटी लागते.”

“म्हंजे?”

“घाट आला की उलटी होते. दोनदा गेलतो. दोन्ही वेळेला अर्ध्यातनं परत आलो.”

अण्णा इतके हसले की बशीतला चहा अर्जांवर सांडला. तुम्ही हसला नाहीत. “मग चालत जाता येईल तिथली झाडं बघितलीस?” “व्हय.” “सगळी?” “सगळी.” तुम्ही अण्णांकडं वळलात. “बाकीच्यांनी निसर्गप्रेम सांगितलं. ह्यानं उलटी सांगितली. ह्याला घ्या.”

घेतलंत, आणि पहिल्याच आठवड्यात राधानगरीच्या पुढं घाटात घेऊन गेलात, एसटीनं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, हातात लिंबू देऊन. लिंबाचा काही उपयोग झाला नाही. तीन ठिकाणी गाडी थांबवावी लागली. मी रस्त्याच्या कडेला ओणवा, आणि तुम्ही माझ्या पाठीवर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं झुडपं वेचताय. कंडक्टर ओरडतोय, “अवो बाई, चला की!” आणि तुम्ही त्याच्याहून मोठ्यानं, “थांब रं, अजून ह्याचं झालं न्हाय आन माझं बी!” त्या वर्षीच्या अहवालात पाहणीच्या पहिल्या तीन जागा आहेत, त्या माझ्या पोटानं निवडलेल्या. हे आपल्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

पण मला सारखं आठवतं ते वखारीचं प्रकरण. लाकडाच्या एका जुन्या वखारीच्या कुंपणात मला कंदीलपुष्पाची वेल सापडली. इवल्या कंदिलासारखी फुलं, डोंगरात हिंडूनही सहज न दिसणारी, आणि इथं भर शहरात, करवतीच्या भुशात. मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. वखारमालक मात्र कुंपण काढून भिंत घालणार होता. मी नवीन होतो, घाबरलो, आणि थाप मारली. म्हटलं, “मालक, ही वेल गुडघ्याला लई चांगली. तोडू नका.” तो स्वतः लंगडत होता. “व्हय?” म्हणाला आणि भिंतीचं काम थांबवलं. मी विजयी मुद्रेनं तुम्हाला येऊन सांगितलं, थापेचा भाग वगळून. पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः बघायला आलात. कुंपणाशी खड्डा होता. मालकानं वेल मुळासकट उपटून कंद उकळून काढा केला होता. स्वतः प्यायला, आईला पाजला, शेजारी दिला. “गुण हाय बरं का,” तो मला म्हणाला. “दोन कंद राहिल्यात. पायजेत?”

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. भर रस्त्यात, करवत चालू असताना, करवतीच्या वरताण आवाजात म्हणालात, “तुला एसटी लागती. थाप मारताना मळमळत न्हाय व्हय रं?”

मग मालकासमोर उभं करून माझ्याकडून खरं वदवून घेतलंत. तो आधी लाल झाला. “मग माझा गुडघा दुखायचा थांबला त्यो?” “आपसूक,” तुम्ही म्हणालात. “पावणं, सरळ सांगते. ही वेल दुर्मिळ हाय. कशाच्या बी उपयोगाची न्हाय. तरी राखायची हाय. राखता का?” त्यानं डोकं खाजवलं. “कशाच्याच न्हाय?” “कशाच्याच न्हाय.” “मग राखतो की. उपयोगाची असती तर पोरांनी इकली असती.” त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही कंद परत लावले. एक कुजला, एक फुटला. भोवती त्यानं काटेरी तार ओढली आणि जवळ जाणाऱ्या प्रत्येकाला, मलासुद्धा, शिव्या घालायला सुरुवात केली.

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात. शेवटी दवाखान्यात मी भेटायला आलो तेव्हा खिडकीच्या छज्ज्यावर पिंपळाचं रोप आलं होतं. मला वाटलं, तुम्ही ते राखायला सांगाल. मी नर्सशी भांडायची तयारीही केली. तुम्ही हळू आवाजात, तुमचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणालात, “ते काढायला सांग. भिंत पाडंल. खाली माणसं झोपत्यात.”

आता आजचं. दोघे उरले होते. एक पुण्याचा मुलगा, लॅपटॉपवर सुंदर फोटो, सुंदर इंग्रजी. दुसरी इचलकरंजीची मुलगी. यंत्रमागाच्या शेडच्या छपरांवर काय उगवतं याचा अभ्यास केलेला. मी एक वाळवलेला नमुना पुढं ठेवला, नाव सांगितलं आणि त्याबद्दल प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, “सर, ही ती वनस्पती नाही. पानाचा देठ बघा.” मी म्हटलं, “नमुना मीच गोळा केलाय.” ती म्हणाली, “हो सर, पण देठ बघा.” अण्णा गालात हसले. मी तिचे आभार मानले आणि तिच्या नावापुढं फुली मारली.

सगळे खाली उतरल्यावर तिची चूक दाखवायला म्हणून मी नमुना खिडकीशी नेला. पाव तास भिंग लावून बसलो. तिचं बरोबर होतं, बाई. चुकीचं नाव माझ्या अक्षरात लिहिलेलं, आणि तेच नाव आपल्या तीन वर्षांच्या अहवालांत छापून गेलंय.

मी जिन्यावरून धावत गेलो. ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. अण्णांनी हातावर गुळाचा खडा ठेवला होता, तो खात होती. मी म्हटलं, “निवड झाली. सोमवारी ये.” तिला पटेना. “पण सर, तो नमुना…” आणि अण्णांच्या देखत मी म्हणालो, “मी मुद्दामच चुकीचं नाव सांगितलं होतं. अडवतेस का, ते बघायचं होतं.”

अण्णांनी कौतुकानं मान डोलावली. ती मुलगी तर अशी बघत राहिली, जणू एवढा मोठा माणूस तिनं पाहिलाच नव्हता. हे पत्र टपालात जाणार नाही, आणि टेबलाच्या खणातही ठेवता येणार नाही, कारण सोमवारपासून तो खण ती उघडणार. तिला सांगायला हवं, हे कळतं. जिन्याशी दोनदा तोंड उघडलंही. आज धीर झाला नाही.