साडूचा कॅमेरा माझ्या ताब्यात

रविवार, १४ मे. लारिसा.
उद्या पिरेअसहून जहाज. चार रात्री, पाच बेटं. आम्ही चौघं: मी, माझी बायको लेमोनिया, तिची बहीण व्हासो आणि व्हासोचा नवरा अपोस्तोलिस. म्हणजे माझा साडू. माणूस चांगला, पण वस्तूंची कदर शून्य. त्याच्या मुलाने श्टुटगार्टहून कॅमेरा पाठवलाय. छोटा, काळा, तळहातावर मावणारा, भयंकर महाग. आज साडू तो घेऊन आला तर टोमॅटोच्या पिशवीत! वर टोमॅटो, खाली कॅमेरा.
जागच्या जागी ठरवलं. सहलीत कॅमेरा आणि चौघांचे फोन माझ्या ताब्यात. एकतीस वर्षं फर्निचरच्या गोदामात स्टोअरकीपर होतो, एक खुर्ची इकडची तिकडे झाली नाही. (एक कपाट झालं होतं. पण तो ट्रकवाला होता. सिद्ध झालं नाही, एवढंच.)
साडू म्हणाला, “घे बाबा झिसिस, तूच घे. पण अधूनमधून फोटोही काढ.” सगळे हसले. हसू देत.

सोमवार, १५ मे. मिकोनोस.
सुरुवात उत्तम. मिकोनोसला वारा असतो, वाऱ्यात वाळू असते, वाळू कॅमेऱ्यात शिरते. हे बाकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी चारही फोन जेवण झाकायच्या प्लास्टिकमध्ये तीन-तीन पदरी गुंडाळले. वाळूचा कण आत गेला नाही. बोटाचा स्पर्शही आत जात नव्हता, त्यामुळे फोन चालू करता आले नाहीत. व्हासोची सून दवाखान्यात तपासणीला गेली होती, तिचे सात फोन येऊन गेले. व्हासो दातांनी प्लास्टिक फाडत होती. सुनेचं सगळं ठीक आहे म्हणे. मग एवढं तोंड पाडायचं कारण काय?
कॅमेरा बाहेर काढला नाही. वारा.

मंगळवार, १६ मे. पात्मोस.
सुधारणा: प्लास्टिक बंद. चौघांच्या फोनचे पासवर्ड बदलून सगळ्या फोनना एकच ठेवला, तो फक्त मला ठाऊक. चोराच्या हाती फोन लागला तरी उपयोग नाही.
दुपारी ४. पासवर्ड आठवत नाही. लग्नाचं वर्ष होतं की निवृत्तीचं? दोन्ही करून पाहिली. लेमोनिया म्हणाली, “आपल्या लग्नाचं वर्ष कोणतं टाकलंस?” मी सांगितलं. ती नुसती बघत राहिली.
संध्याकाळी. जहाजावरच्या एका मुलीने तिघांचे उघडून दिले. साडूचा अजून बंद आहे. त्याची तक्रार नाही. म्हणतो, दहा वर्षांत एवढी शांतता मिळाली नव्हती.

बुधवार, १७ मे. रोड्स.
कॅमेरा दोरीने कमरेच्या पट्ट्याला बांधला. चोराने ओढला तर मी सोबत जाईन, असा विचार. बाजारात दोरी खुर्चीच्या पायात अडकली आणि मी सोबत गेलो. गुडघा सोलवटला. कॅमेऱ्याला ओरखडा नाही. साडू मला उठवायला धावला तर मी आधी म्हणालो, “कॅमेरा बघ!” एखाद्याला हे वेडेपणाचं वाटेल. मी याला जबाबदारी म्हणतो.
फोटो अजून एकही नाही. पण घाई काय आहे? क्रीट आणि सांतोरिनी राहिलेत.

गुरुवार, १८ मे. क्रीट, इराक्लिओ बंदर. सकाळी ७.
फक्त पाच तास. बसने क्नोसोसच्या जुन्या राजवाड्याचे अवशेष बघायचे आणि बाराच्या आत परत. आज धूळ आणि गर्दी दोन्ही. म्हणून नवी युक्ती. लेमोनियाने घरून कुलुराकियांचा, म्हणजे लोण्याच्या बिस्किटांचा, पत्र्याचा डबा आणलाय. तळाशी कॅमेरा, वर कागद, त्यावर बिस्किटांचा एक थर. डबा बसमध्ये सीटच्या वरच्या फळीवर. चोर बिस्किटं कशाला नेईल?
कोणालाही सांगितलेलं नाही. लेमोनियालाही नाही. गुपित एकाच माणसापाशी असलं की ते फुटत नाही.

गुरुवार, १८ मे. केबिनमध्ये. दुपारी १.
जहाज सुटलं. जे झालं ते नीट क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.
बसचा ड्रायव्हर वार्दिस. साठीचा, पांढऱ्या मिशा, पांढराशुभ्र शर्ट. लेमोनियाचा गुडघा दुखत होता म्हणून ती अवशेष बघायला आली नाही, बसपाशीच थांबली. आम्ही पुढे गेलो. आमची गाईड आर्गिरो राजवाड्याबद्दल काहीतरी सांगत होती, पण माझं लक्ष डब्याकडे. बसला कुलूप आहे का? खिडकी उघडी राहिली का? पाऊण तासाने मी एकटाच परत फिरलो. क्नोसोस बघायचं राहिलं.
बसमध्ये आलो तर फळीवर डबा नाही.
लेमोनियाही नाही. ड्रायव्हर खाली सावलीत खुर्ची टाकून बसलेला. त्याच्या सीटमागे त्याची कापडी पिशवी, आणि पिशवीतून आमच्या डब्याचं निळं झाकण डोकावतंय. उघडून पाहिलं. बिस्किटं, कागद, कॅमेरा.
या परिस्थितीत दुसऱ्या कोणीही तेच केलं असतं. मी ओरडलो, “चोर!”
तो उठून आला. “काय झालं, साहेब?”
“डबा कोणी घेतला?”
“तो? तो मला बाईंनी...”
“कोणत्या बाईंनी? बिस्किटांच्या खाली कॅमेरा! आणि म्हणे बाईंनी!”
त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मला तो गुन्हेगाराचा चेहरा वाटला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, घाबरलेल्या माणसाचाही तसाच दिसत असेल.
तेवढ्यात बाकीची मंडळी परत आली. चाळीसजण. मी सगळ्यांना सांगितलं. पिशवीत आणखी कोणाचं काय आहे ते बघू, असंही म्हणालो. ते म्हणायची गरज नव्हती, हे मान्य. कोणी पिशवीला हात लावायच्या आत वार्दिसने स्वतःच ती रिकामी करायला घेतली. बसच्या पायरीवर एकेक वस्तू मांडली. कडक पाव. ऑलिव्हची बरणी. रक्तदाबाच्या गोळ्या. घडी घातलेला दुसरा पांढरा शर्ट. त्या शर्टाची घडीही त्याने उलगडून दाखवली. आत काही नव्हतं. “झालं?” म्हणाला. मागे कोणीतरी फोनवर हे सगळं चित्रित करत होतं.
आर्गिरो म्हणाली, “जरा थांबा, आधी चौकशी करू.” मी म्हणालो, “चौकशी नंतर, तक्रार आधी.” तिने फॉर्म काढला, मी सही केली, तिने फॉर्मचा फोटो बसच्या कंपनीच्या ऑफिसला पाठवला. हे सगळं मी फार तत्परतेने केलं.
मग लेमोनिया आली. स्वच्छतागृहाला रांग होती म्हणे. हात पुसत पुसत आली आणि पायरीवरच्या वस्तूंकडे बघून थबकली.
“हे काय चाललंय?”
सांगितलं.
“झिसिस, डबा मी दिला त्यांना. उन्हात उभी होते, त्यांनी मला खुर्ची दिली, थंड पाणी आणून दिलं. मी म्हटलं, माझ्या हातची आहेत, घरी न्या. ते नको नको म्हणत होते. मीच पिशवीत कोंबला.”

या क्षणी मी काय म्हणालो ते लिहितो, कारण रोजनिशीत खोटं लिहू नये. मी म्हणालो, “मग आधी सांगायचं नाही का मला?”
साडू पुढे आला, माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि खिशात टाकला. “आता हरवला तर माझा मी हरवीन,” म्हणाला. व्हासोने खाली वाकून ड्रायव्हरचा शर्ट घडी घालून दिला.
परतताना वार्दिसने एकही धक्का बसू न देता बस चालवली. उतरताना त्याने लेमोनियाला हात दिला. माझ्या वेळी तो समोर बघत होता.
बंदरावर आर्गिरो म्हणाली, “तक्रार ऑफिसात पोहोचलीय. ती मागे घेतल्याचं तुमच्या हाताने लिहून द्या, फाटकापाशीच ऑफिस आहे. नाहीतर चौकशी होईपर्यंत त्यांना जहाजांच्या प्रवाशांच्या फेऱ्यांवरून काढतील.”
जहाज सुटायला चाळीस मिनिटं होती. ऑफिसच्या दारात सहा-सात ड्रायव्हर उभे होते. वार्दिसही. मी म्हणालो, “गुडघ्याची पट्टी बदलून लगेच येतो.” केबिनमध्ये आलो. पट्टी बदलली. पट्टी बदलायला वेळ लागतो. मग जहाजाचा भोंगा वाजला.
त्यामुळे वेळच मिळाला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६. सांतोरिनीसमोर.
तिघंही बेटावर गेलेत. मी गेलो नाही. पायाला विश्रांती.
जाताना लेमोनियाने विचारलं, “लिहून दिलंस ना?”
मी म्हणालो, “वेळ नव्हता.”
“चाळीस मिनिटं होती.”
“रांग होती.”
ती म्हणाली, “मी कठड्यापाशी उभी होते. तू येशील म्हणून बघत होते. रांग नव्हती.” बाकी काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी उत्तर देऊ शकतो.
केबिनच्या खिडकीतून बेट दिसतं. फोनने फोटो काढला. काचेत माझाच चेहरा आला. डिलीट केला.

शुक्रवार, १९ मे. पिरेअस.
नाश्त्याला आमच्या टेबलाची पाचवी-सहावी खुर्ची रिकामी. कालपर्यंत तिथे व्होलोसचं एक जोडपं बसायचं. आज ते दुसरीकडे बसले. टेबल उन्हात होतं, म्हणून असेल.
ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

मंगळवार, २३ मे. लारिसा.
ठराव: आज पत्र पाठवणार.
संध्याकाळी. मसुदा केला. ‘गैरसमजातून उद्भवलेल्या परिस्थितीत’ अशी सुरुवात छान जमली. लेमोनियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “यात चूक कोणाची झाली ते कुठे आलंय?” म्हणालो, पुढच्या परिच्छेदात येईल. पुढचा परिच्छेद उद्या.

सोमवार, २९ मे.
पुढचा परिच्छेद झालेला नाही. पाठदुखी. शिवाय पोस्टात गर्दी असते.

गुरुवार, १ जून.
लेमोनियाने मला न विचारता आर्गिरोला फोन केला. वार्दिसला जहाजांच्या फेऱ्यांवरून काढलंय. पहाटे कामगारांना हॉटेलात पोहोचवायची गाडी दिलीय. बावीस वर्षं तो जहाजांची बस चालवत होता. त्या चित्रीकरणाचं काय झालं कोण जाणे, पण त्याच्या गावातल्या कॉफीच्या दुकानात लोकांनी ते पाहिलंय.
लेमोनिया हे सगळं भेंडी चिरता चिरता सांगत होती. मी म्हणालो, “माझा हेतू वाईट नव्हता.” ती म्हणाली, “त्याचाही नव्हता. त्याला कोणी विचारलं?”
जेवलो नाही. भूक नव्हती. नाही, भूक होती. तिच्यासमोर बसवेना.

शुक्रवार, २ जून.
तक्रार मागे घेतली. रजिस्टर पोस्टाने. दोन ओळी: कॅमेरा मी स्वतः डब्यात ठेवला होता. डबा माझ्या बायकोने त्यांना भेट दिला होता. एवढं लिहायला पंधरा दिवस लागले. पोस्टात मी एकटाच होतो.

गुरुवार, ८ जून.
आर्गिरोचा निरोप: पत्र पोहोचलं, वार्दिसला फेऱ्या परत मिळतील. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. प्रकरण चांगल्या रीतीने मिटलं, असं मी लेमोनियाला म्हणालो. तिने एका कागदावर त्याचा नंबर लिहून कागद माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवला.

शनिवार, १० जून.
आज केला फोन. दुपारी साडेचारला. आधी दीड पान माफी लिहून काढली, शोधूनही ‘गैरसमज’ सापडणार नाही अशी. व्हासो आणि साडू कॉफीला आले होते. ते तिघं स्वयंपाकघरात, मी झोपायच्या खोलीत. दार लावून घेतलं.
वार्दिसने उचलला. नाव सांगितलं. “बोला,” म्हणाला.
मी वाचायला लागलो. अर्ध्या पानापर्यंत गेलो असेन, तो म्हणाला, “एक विचारू? तुम्ही इतक्या हळू का बोलताय?”
म्हणालो, घरात पाहुणे आहेत.
तो म्हणाला, “माझ्यावर ओरडलात तेव्हा चाळीस माणसं होती. तेव्हा आवाज चांगला मोठा होता तुमचा. आता माफी मागताय ती दार लावून.”
दार लावल्याचं त्याला कसं कळलं ते मी विचारलं नाही.
मी म्हणालो, “थांबा. फोन ठेवू नका.”
दार उघडलं. स्वयंपाकघरात गेलो. साडूच्या हातात कप होता, व्हासो काहीतरी सांगत होती, ती थांबली. लेमोनिया सिंकपाशी पाठमोरी. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचलं. मोठ्याने. ‘मी तुम्हाला चोर म्हणालो. तुमची पिशवी रिकामी करायला लावली. खरं कळल्यावरही दोष बायकोवर ढकलला. चाळीस मिनिटं हातात होती आणि मी केबिनमध्ये लपून बसलो.’ हे शेवटचं मी आधी लिहिलं नव्हतं, तिथेच तोंडून गेलं. आवाज फाटला. चाळीसजण नव्हते, तिघं होते.
वाचून झालं. लेमोनियाने नळ बंद केला.
फोन उचलून कानाला लावला. कट झालेला होता. वार्दिसने कुठल्या ओळीपर्यंत ऐकलं, की मी दार उघडायच्या आधीच ठेवला, ते कळायला काही मार्ग नाही.