गाणं संपेना, हळद उतरेना

मस्कत,
फेब्रुवारी १९९४

माझी आत्या हौसाबाय, हिच्या पायांवर प्रविणचं डोकं.

तुझा गळा सुटला का? मिठाच्या गुळण्या कर. मिठागरातल्या माणसाला मीठ मी सांगावं असं नाय, तरी कर. मी बरा आहे. (किमया, तू आत्याला हे वाचून दाखवतेस, तुझं भलं होवो. मध्येच हसू नको, आत्याला वाटेल मी मस्करी करतो.)

माझ्या खोलीतला विठू सुट्टी संपवून वडखळवरून सुकी मासळी आणि वाईट बातमी घेऊन आला. बोलला, गुणाजीच्या हळदीत तू पदर खोचून सगळ्यांसमोर सांगितलंस, "परवीननं मस्कतवरून दुसरी धवलारीन धाडलीय. मी आता कुनाच्या मांडवात हळदीचा धवला गानार नाय." आत्या, मला जेवण गेलं नाय. (नंतर गेलं, पण कमी.)

खरं काय ते ऐक. मी हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करतो. खाली नाचायची खोली आहे. तिथे एक इंग्रजी गाणं लागतं, त्याच्या ढोलाने माझं टेबल हलतं, आणि ढोलावर एक बाई अशी हाक मारते की खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, तूच दारात आलीस. मी बघायला वळलो आणि एका पाव्हण्याचा शर्ट जळला. साहेबाने विचारलं, काय झालं? मी बोललो, आत्या. त्याला कळलं नाय.

मग मी तिची कॅसेट घेतली. कव्हरवर बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे, हळद उशिरा आली की तू उभी राहतेस तशी. लावली तर दोन्ही बाजूंना एकच गाणं! एकदा लांब, एकदा आखूड, एकदा नुसता ढोल. दुकानदाराशी भांडलो, पेणच्या माणसाला फसवतोस? तो शांतपणे बोलला, हिला सिंगल म्हणतात, अशीच विकतात. मग मला पटलं. तू पण एकच चाल धरून हळद दळून होईपर्यंत ओढतेस, तुला कोणी फसवणूक बोललंय का? म्हणून गावी निघालेल्या जनूकाकाच्या हाती ती तुला धाडली. बाई कच्ची का पक्की ते तू ऐकून सांगावंस म्हणून. तुझा गळा बसलेला बघून ती मांडवात लावायची अक्कल काकाची.

तू उठून गेलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नसेल, विठूने सांगितलं ते ऐक. आपल्यात धवला संपल्याशिवाय नवरा पाटावरून उठत नाय. तू एकेकीचं नाव घेतेस, ती येते, हळद लावते, बाजूला होते. ही कॅसेटमधली बाई कुणाचंच नाव घेईना. मग सगळ्याच एकदम आल्या, लावून झालेल्यांनी परत लावली. एक बाजू संपली, काकाने कर्तव्य म्हणून उलटी घातली. परत तेच. गुणाजीच्या अंगावर हळद सुकून उन्हाळ्यातल्या खाजणाच्या चिखलासारखी तडकली. तो बोलला, "काकू, आंगोळ घाला गो." बायजाबाई बोलली, "गप बस! बाय गातेय नं अजून? मोडशील धवला!" इथला मलबारी आचारी सांगतो, त्या गाण्यात बाई सारखी 'उठा, उठा' बोलते. शेवटी लाइट गेली तेव्हा गुणाजी उठला. (किमया, त्याचे कान अजून पिवळे असतील तर त्याला माझी माफी सांग.)

आत्या, बाईचा दोष नाय. गळा आहे तिला, पण आपली माणसं तिला ठाऊक नायत. तुझ्या जागी कुणाला बसवायला मी एवढा शहाणा झालो नाय. इथे तुझी हाक पोचत नाय, म्हणून तिची ऐकतो.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, बारक्यांचे गाल ओढतो.

तुझा,
प्रविण

ता. क. : रोह्याजवळच्या वरसे गावची समीक्षा मला पक्की झाली. लग्न मे महिन्यात. तिचे बाबा बोलतात, बँड पुरे. मी सांगून टाकलंय, माझी आत्या गाणार. आता तूच माझी लाज राख.

ता. क. दोन : मांडवात न गायची शपथच घेतली असशील, तर त्याच कॅसेटच्या वरच्या दोन भोकांवर कागद चिकटव, लाल बटण दाब आणि तिच्यावर तुझा धवला भर. एकच बाजू भर. दुसरी तिची राहू दे, तिने पण जीव तोडून गायलंय.

ता. क. तीन : पण आत्या, कॅसेटमध्ये गा की मांडवात गा, शेवट नक्की गा. नायतर मी पाटावरून उठणार नाय.