डाव्या हाताचा मिट

गोडादरा, सुरत
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

दादा,

नमस्कार. तू बरा असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बरा आहेस की नाही, मला कसं कळणार? नंबर ब्लॉक करून बसलायस. दवाखान्यातून घरी न येता सरळ इच्छापोरच्या रूमवर गेलास, त्याला महिना होत आला. म्हणून हा कागद. तुझ्या रूमवरचा विकास आणून देईल. फाडलास तर मी पुन्हा लिहीन.

घरचं ठीक. पप्पांची लूमवरची पाळी बदलली. माय साड्यांना खडे चिकटवते आणि चिकटवता चिकटवता रडते.

माझी बातमी म्हणजे, युनिव्हर्सिटीच्या सॉफ्टबॉल टीममध्ये माझं नाव आलं. पिचर म्हणून, बॉल टाकायला! सेकंड इयरची मी एकटीच. बावीस तारखेपासून कॅम्प आहे. माय म्हणते, भूपेंद्र हो म्हणाला तरच जा. आणि भूपेंद्र, म्हणजे तू, तर फोनच घेत नाहीस. मग चिडू नको तर काय करू, सांग ना!

मायच्या मते तुझी बोटं माझ्यामुळे गेली. कानबाईचा रोट म्हणजे देवीचा प्रसाद, तो भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचा नसतो, आणि मी दिला. हो, दिला. ट्रायलच्या दिवशी माझी कॅचर, ती भेस्तानची शीतल, सकाळपासून माझे बॉल झेलत उपाशी उकिडवी बसली होती. तिला चक्कर यायला लागली. डब्यात दुसरं काही नव्हतं, मग अर्धा रोट तिला दिला. नंतर सलग सहा जणींना आऊट केलं. चौथ्या दिवशी कंपनीत तुझा डावा हात प्रेसमध्ये सापडला. दवाखान्यात तुला बघायला आलेली शीतल भोळेपणाने मायला म्हणाली, "काकू, तुमचा रोट फार छान होता हं."

झालं! "रोट घरना बाहेर कसा गया वं?" माय सगळ्या वॉर्डासमोर ओरडली. मी म्हणाले, मी चोरून नेला.

दादा, मी चोरला नव्हता. पहाटे तूच डब्यात ठेवलास. "उपाशीपोटी बॉल टाकू नको, गुपचूप खा," म्हणालास. महिनाभर मी मायची बोलणी खातेय, एकदाही तुझं नाव घेतलं नाही. आणि तू मलाच ब्लॉक करतोस? काही वाटतं की नाही तुला?

आधी मला वाटलं, तूही मायसारखंच मानतोस. खरं सांगू, एखाद्या वेळी मलाही तसंच वाटतं. हात फिरवला की तुझी पट्टी डोळ्यांसमोर येते आणि बॉल भलतीकडेच जातो. सोमवारी पाच जणींना फुकट बेस दिला. आमचे कोच गजेंद्रसर म्हणाले, असंच चाललं तर कॅम्पमधून आठवड्यात परत पाठवतील.

पण तुझा राग रोटावर नाहीच, दादा. मी सहावीत असताना चिंध्यांच्या बॉलला टेप गुंडाळून शाळेमागे पिचर-कॅचरमधले त्रेचाळीस फूट मोजून तू माझ्यासमोर बसायचास. पहिल्या पगारात स्वतःला चप्पल नाही घेतलीस, कॅचरचा हा जाड चामड्याचा मिट घेतलास, डाव्या हातात घालायचा. आता तुला वाटतंय, तीन बोटांच्या हाताने कसला मिट घालणार? म्हणून मला बघायचंच नाही तुला.

परवा मी तुझा मिट घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत दुमडून घेतलं, तुझी नाहीत ती दोन्ही. शीतलला म्हटलं, टाक जोरात. पहिले तीन सुटले. हात असा झणझणला की रडायला आलं. मग बसायला लागले. दहापैकी सात बसले, दादा! आणि मी काही कॅचर नाही.

रविवारी सकाळी सात वाजता शाळेमागे ये. परवानगी मागायला बोलवत नाहीये, ती मी मायशी भांडून घेईन. रोटाचं खरं तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मिट मी आणते. तू नुसता समोर बस.

नाही आलास तरी मी टाकणारच आहे. मागे भिंत आहे. पण भिंत कधी "वर घे, वेडे" म्हणत नाही.

तुझ्यापासून त्रेचाळीस फुटांवर उभी,
योगिता