उकळून पाजलेलं पाणी

आत्याबाई,

आज घरात तीन गोष्टी आल्या. नळाची पितळी तोटी, दोनशे दहा रुपये. नातीच्या रक्ततपासणीचा कागद, सातशे. आणि बोअरच्या पाण्याच्या अहवालाची नक्कल. ती फुकट, पण तिच्यासाठी संभाजीनगरला नऊ हेलपाटे घातले. तुम्ही होत्या तेव्हा औरंगाबादच होतं ते. तुम्ही आधी तोटीचीच किंमत विचारली असती, म्हणून ती पहिली लिहिली. खरी बातमी मधल्या कागदाची आहे. डॉक्टरीण म्हणाली, तुमची पणती ठणठणीत आहे, रक्तात काही सापडलं नाही. मी तिथंच खुर्चीत बसून हात जोडले. घरी आले आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले.

गावात काविळीची साथ आली होती, त्या वर्षी तुम्ही घराला नियम लावून दिला. बोअरचं पाणी चौपदरी फडक्यानं गाळायचं आणि पातेल्याच्या आतल्या खुणेपर्यंत, म्हणजे पार निम्मं होईस्तोवर, आटवायचं. एकदा मी पहिल्या उकळीलाच गॅस बंद केला. तुम्ही दारात उभ्या, पदर खोचलेला. "गॅस वाचवतीस व्हय? माणसं वाचव आधी." शेजारणीसमोर बोललात, म्हणून मी दोन दिवस घुश्शात होते. पण त्यानंतर एकही दिवस चुकले नाही. पुढं पैठण रोडला कंपन्या वाढल्या, पाणी पिवळट झालं, वास यायला लागला, तसं आपण अजून आटवायला लागलो. तळाशी पांढरा थर दिसला की तुम्ही म्हणायच्या, "बघ, घाण खाली बसली."

तुमच्यामागं बारा वर्षं मी हेच केलं. नातीच्या बाटलीतही तेच पाणी. यंदा उन्हाळ्यात सूनबाई ओट्याशी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि मी तुम्हाला म्हणायची तशी सासूला, म्हणजे मला, आत्याच म्हणते. "आत्या, उकळून जंतू मरतात, कंपनीचं केमिकल मरत नाय. पाणी उडून जातं, ते मागं राहतं. आपण ते घट्ट करून पितोय." मी कणीक मळत होते. हात तसेच परातीत राहिले. घरात सगळ्यांना मीच तर पाजलं होतं, तेही नियमानं.

मग अर्ज, हेलपाटे, नमुन्याच्या बाटल्या. शेवटी ग्रामसभेत पाणीखात्याचे साहेब आले आणि अहवाल वाचून दाखवला, की पाणी पिण्याजोगं नाही, खूण म्हणून पंपाला लाल रंग द्या. मी विचारलं, तोवर प्यायचं काय? "मावशी, तोवर उकळून प्या की." मी आयुष्यात सभेत बोलले नव्हते. पण उभी राहिले. "साहेब, आमटीत मीठ जास्त झालं न् ती आटवली, तर खारटपणा जातो का वाढतो?" मागून एक जण ओरडली, "साहेबांना काय इचारती, त्यांच्या घरी सैपाक बाई करती!" लई हशा झाला. साहेबही हसले, आणि मग खाली बघायला लागले. हशा ओसरला तरी मी बसले नाही. म्हटलं, दर महिन्याला पाणी तपासा, आकडे पंचायतीच्या भिंतीवर लावा. कंपनीचं पाणी नाल्यात सुटायच्या आधी मोजा, नंतर नाही. त्या नाल्यावर पिकणारी मेथीसुद्धा मोजा, ती आमच्या ताटात येते. आमटी मी चाखून सांगेन, हे नाही सांगू शकत. जिभेला कळत नाही ते कळून घ्यायलाच तर सरकार असतं.

ठराव झाला. कंपनीचा नाल्यात येणारा पाइप आकडे येईपर्यंत बंद आहे, भिंतीवर पहिला कागद लागलाय, धरणाचं पाणी नळाला आलंय. कायदाच कडक करा म्हणून बायांनी सह्या-अंगठे करून मुंबईला अर्ज धाडलाय. उत्तर नाही अजून. येईस्तोवर पुन्हा पुन्हा धाडू.

तुमची किडनी कशानं गेली, ते आता कोणी सांगू शकत नाही. तेव्हा कोणी मोजलंच नव्हतं. तुमचा नियम वाईट नव्हता, आत्याबाई, काविळीला तो बरोबर होता. दुसरं काही पाण्यात आलंय हे तुम्हाला सांगायचं काम ज्यांचं होतं, त्यांनी सांगितलं नाही. एवढं कळलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

एक मात्र राहिलंय. तुम्ही जाताना मी तोंडात पाणी घातलं, ते पैठणच्या गोदागंगेचं नव्हतं. त्या पाण्याचा जपून ठेवलेला गडू उघडला तर सांध्याचा डाख सुटून, पाणी झिरपून कोरडा पडलेला. मी बोअरचंच पाणी घेतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि गंगा म्हणून दिलं. कोणाला बोलले नाही. हे पत्र देवघरात त्याच गडूखाली ठेवते, टपालात कुठं टाकणार? आज नव्या नळाचा पहिला तांब्या तुमच्या फोटोपुढं ठेवलाय, न उकळता. त्याची चव कशी लागली, आणि तुम्ही रागावलात का, ते उलट टपाली कळवा.