एफ-टू, एफ-थ्री आणि बोटीचं प्रकरण

३ जून
जमलं! एफ-टू दाबलं की अख्खं वाक्य निळं होतं, एफ-थ्रीला अख्खा परिच्छेद. कुणाला विचारलं नाही — माझी मीच सेटिंगमध्ये शिरले आणि कळा लावल्या. सव्वीस वर्षं रजिस्ट्रार कचेरीत टायपिंग केलंय!
ह्यांनी दाबून पाहिलं आणि हसले. अर्धंच तोंड हसतं आता. फेब्रुवारीत झटका आल्यापासून उजवा हात गेला, जीभ जड झाली. माउसने मजकूर निवडायला जायचे आणि रडकुंडीला यायचे. आठवणींचं पुस्तक मी ह्यांच्या वह्यांवरून कधीच टाइप करून ठेवलंय. ह्यांचे शाळेतले माजी विद्यार्थी ते ओणमला छापणार. आता डाव्या हाताच्या एका बोटाने स्वतः तपासतील.

५ जून
दिवसभर टक्, टक्. जवळ गेलं की हाताने ‘जा’ म्हणतात.

८ जून
अरे देवा! बोटीचं प्रकरण गायब! अकरा पानं!
त्याच्यासाठी तर पुस्तक! एक्याऐंशी साली शाळेची होडी कायलच्या खोल पाण्यात उलटली. ह्यांनी उडी मारून सात मुलं बाहेर काढली. कडेवर ओलं मूल घेतलेला फोटो पेपरात आला, पदक मिळालं. माझ्या वडिलांनी, अच्छननी, तो फोटो कापून ठेवला होता. “विलासिनी, तुला देईन तर ह्याच माणसाला.” आणि दिली.
चूक माझीच. निळ्या मजकुरावर चुकून कुठलीही कळ पडली की सगळं पुसतं — आधीच सांगायला हवं होतं. पेन ड्राइव्हवरची प्रत आणून परत घातलं.

९ जून
पुन्हा गेलं! तेवढंच! बाकी पुस्तकाला धक्का नाही.
मी एफ-थ्री काढूनच टाकलं. हे टेबलावर पेला आपटत राहिले. “दे!” — हा एक शब्द स्वच्छ आला. घाबरून परत लावलं.

१० जून
आज पाळत ठेवली.
दारातून पाहिलं. एफ-थ्री. परिच्छेद निळा झाला. हे वाचत होते — सावकाश, ओठ हलवत. मग डिलीट. चूक नाही, काही नाही! मुद्दाम!
“अहो, काय करताय हे?”
दचकलेसुद्धा नाहीत. मोकळ्या पानावर एकेक अक्षर टाइप करू लागले. पाऊण तास गेला. मी खुर्ची धरून उभी.
‘मला पोहता येत नाही. मुलं पुष्करनने काढली. मी काठाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याच्या हातातून घेत होतो. फोटोवाला आला तेव्हा मूल माझ्या कडेवर होतं. पुष्करनने पुन्हा बुडी मारली, तो वर आलाच नाही.’
पोहता येत नाही! घरामागे कालवा, आणि एकोणचाळीस वर्षांत हे पाण्यात उतरले नाहीत — कान दुखतो म्हणायचे! मी कानात तेल घालत राहिले!
पुष्करन म्हणजे होडीवाला. सगळं गाव म्हणतं, तो मुलांना टाकून पळत होता, म्हणून बुडाला.

११ जून
भात वाढला. माझं ताट घेऊन मी मागच्या दारी बसले.

१३ जून
माजी विद्यार्थ्यांचा वर्गीस फाइल न्यायला आला. बोटीच्या प्रकरणाच्या जागी ह्यांचं पान, ते तिथेच उभ्याने वाचलं.
“चेची, हे काय! मास्तरांचं डोकं ठिकाणावर आहे ना?”
“तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.”
“मुखपृष्ठावर पदकाचा फोटो घेतलाय! आधीची प्रत द्या ना मला. कुणाला कळणारेय?”
पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत होता. त्याच्या खिशात पडला असता की माझा नवरा जसा होता तसा मला परत!
“आधीची प्रत नाही,” मी म्हटलं.
तो गेल्यावर पुसून टाकली. का, माहीत नाही. राग अजून तसाच आहे.

१४ जून
मी एकटीच होडीने पलीकडे गेले. कार्त्यायनीकडे — पुष्करनची बायको. अंगणात मासे साफ करत होती. ह्यांनी लिहिलेलं पान वाचून दाखवलं. विळी थांबली.
“पुन्हा वाच.”
वाचलं.
“मोठ्याने वाच ना, चेची! त्या शेजारणीला ऐकू जाऊ दे. माझ्या पोरांना शाळेत पळपुट्याची पोरं म्हणायचे!”
तीनदा वाचलं. ती रडली, मीही रडले. निघताना केळीच्या पानात करिमीन मासे बांधून दिले. “मास्तरांना सांग, माझ्या मनात काही नाही. उशिरा का होईना, बोलले.”
घरी येऊन निरोप सांगितला, मासे तळून वाढले. ह्यांनी ताट सरकवलं. मला वाटलं, लाजले.

१५ जून
सकाळी पडद्यावर खाली नवी ओळ दिसली.
‘सातवं मूल दिल्यावर तो वर येत होता. मी ओरडलो, अजून एक आहे! मुलं सातच होती. मी मोजायला चुकलो.’
ह्यांनी एफ-टू दाबलं. शेवटचं वाक्य निळं झालं. बोट डिलीटवर धरून, ठेवू की पुसू असं विचारल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.
मी हात धरून बोट बाजूला केलं. होडी पुन्हा बोलावली आहे. आज हे वाचून दाखवायला दोघं कार्त्यायनीकडे जाणार.